हिरव्या दगडातलं तांबं

३ एप्रिल १९३९, गोरेगाव (हैदराबाद संस्थान)

निघालं! तांबं निघालं! सहाव्या खेपेला, ज्वारीच्या दाण्याएवढं — पण तांबंच! अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

संतरामच्या नव्या विहिरीत खणणाऱ्या वडारांना तीस हातांवर हिरवा दगड लागला तेव्हा सगळे म्हणाले, "शेवाळ असंल." मी एकटा म्हणालो, हा तांब्याचा दगड! नागपूरला कॉलेजात एक वर्ष रसायन शिकलो ते उगाच नाही. दगड कुटला, कोळशाची पूड आणि दगड लवकर वितळावा म्हणून टाकणखार मिसळला, लखमा ओताऱ्याच्या भट्टीवर भाता मारला. धातू वितळवायच्या मुशी मीच मातीच्या केल्या होत्या. पाचही तडकल्या. शेवटी लखमानं आपली दिली, आणि निघालं!

४ एप्रिल

शाळेत तो तांब्याचा मणी दाखवला. तारायंत्राच्या तारा, हंडे, खिशातले पैसे — सगळं अशाच दगडातून येतं! दगडातला प्राणवायू कोळसा ओढून घेतो आणि धातू मोकळा होतो, हे फळ्यावर लिहिलं. कचेरीतले उद्धवराव मुद्दाम येऊन पाहून गेले. "बंडोपंत, गावाचं नाव काढलंत!" मी नम्र चेहरा करायला गेलो. जमला नाही.

५ एप्रिल

हैदराबादेला खाणखात्याकडे अर्ज टाकला. संतरामला बजावलं, साहेब येईपर्यंत विहिरीला हात लावायचा नाही, जमिनीखालचं ते सरकारचं.

त्याची बायको चतुराबाई घागर घेऊन उभी होती. नाल्यातल्या झिऱ्यावरून पाणी आणते, जाऊन-येऊन दीड कोस. म्हणाली, "गुरजी, तांबं निघंल तवा निघंल. पानी आनखी दोन हातावर हाय म्हनून राहिले व्हते वडार." संतराम खेकसला, "गुरजी शिकलेले हायेत. तू काहून मधी बोलून राहिली?"

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

११ एप्रिल

उत्तर नाही. मणी खिशात असतो. वर्गात दोनदा चाचपला.

१९ एप्रिल

पत्र आलं! साहेब पुढच्या आठवड्यात येणार! आमच्या हिनं, कालिंदीनं, शिरा केला. म्हणाली, "आता तरी जेवताना तो मणी ताटाशेजारी ठेवू नका." गोरेगावात तांब्याची खाण — आणि शोधक कोण, तर शाळामास्तर!

संतरामचे वडार काम नाही म्हणून दुसऱ्या गावी गेले. मिळतील दुसरे.

२० एप्रिल

पेढे घेऊन लखमाकडे गेलो. बैलांची घुंगरं ओतत होता. ओतून झाल्यावर मूस तशीच बाजूला ठेवली. म्हटलं, "खरवडत नाहीस?"

"न्हाई गुरजी. आतमंदी चिकटलेलं तसंच ऱ्हाऊ द्याचं. पुढच्या खेपेला वितळून बराबर बाहेर येतं. आमच्या आज्यापासून असंच हाय."

मी खिशातला मणी काढून त्या मुशीशेजारी धरला.

२१ एप्रिल

रविवारसारखी शाळा बंद ठेवली. दोन मुशी मांडल्या. कुंभाराकडून भाजून आणलेली कोरी, तिच्यात हिरवा दगड. दुसरी लखमाची, तिच्यात दगड घातलाच नाही — नुसता कोळसा आणि टाकणखार. सकाळभर भाता मारला.

कोऱ्या मुशीत काळी काच. लखमाच्या मुशीत मणी. माझ्या मण्यापेक्षा मोठा!

म्हणजे मी लखमाच्या घुंगरांचं तांबूस पितळ वितळवलं आणि गावभर मिरवलो. लाज वाटते, फार वाटते. त्या बाईला सतरा दिवस झिऱ्यावर पाठवलं मी. पण हेही लिहितो — आजचा प्रयोग चोख झाला. माझी चूक मीच पकडली, साहेबानं नाही!

कालिंदी म्हणाली, "अहो, साहेब येऊन बघतीलच ना. तुम्ही कशाला आधी सांगता?"

पण तोवर त्या बाईला आणखी आठ दिवस झिऱ्यावर जावं लागेल.

२२ एप्रिल

लेखणी धरवत नाही, तळहाताला फोड आलेत. साहेबांना येऊ नका म्हणून पत्र टाकलं. चतुराबाई झिऱ्यावर निघायच्या आत तिच्या दारात जाऊन सगळं सांगितलं. संतराम दोर घेऊन विहिरीकडे निघाला. वडार गेलेत, म्हणून पहार मी घेतली आणि त्याच्यामागं विहिरीत उतरलो. दिवसभरात वीतभर दगड निघाला. वर आलो तेव्हा चतुराबाई काठावर उभी होती. म्हणाली, "गुरजी, उद्या लवकर या."