संबळाच्या माइकातला आवाज

तिसगाव,
पोळ्याचा दुसरा दिवस

प्रिय वैजनाथ,

तुझा स्टुडिओ नगरला गेला आणि पाटीवर तुझ्या नावाआधी 'संगीतसंयोजक' लागलं, हे कळलं. अभिनंदन. इथे शेळ्यांच्या गोठ्याला अंड्यांचे ट्रे चिकटवून तू दुकान मांडलंस, तेव्हा वास फक्त भिंतींना होता. आता तो गाण्यांनाही येतो.

कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून उचललेल्या सॉफ्टवेअरमध्ये तू चोवीस ट्रॅक मांडतोस. त्यातले वीस कसले, तर आयत्या मिळणाऱ्या टाळ्या, शंख आणि विजांचा कडकडाट. गायकाचा सूर पडला की बटण दाबून उभा करतोस. वर इको असा ओततोस, की हळदीचं गाणंसुद्धा विहिरीत पडलेल्या माणसाच्या हाकेसारखं ऐकू येतं. मी शाळेत भूगोल शिकवणारा आणि बापजाद्यांचं म्हणून संबळ वाजवणारा माणूस. मला यातलं काय कळणार, हे तू चारचौघांत सांगतोस. बरोबरच आहे.

पण गेल्या भाद्रपदात लंकाबाईला मीच तुझ्याकडे आणलं. सत्तरीची बाई, जन्म ऊसतोडीत गेला, पण डोंगरावरच्या देवीची, आपल्या आईची गाणी तिच्याइतकी पंचक्रोशीत कुणाला येत नाहीत. तू तिच्या कानांवर हेडफोन चढवलास आणि गाद्यांच्या आडोशाला एकटीला उभं केलंस. दोन ओळींत तिने तो काढून ठेवला. "संबळ दिसल्याबिगर मला गाताच येत न्हाई, बाबा," म्हणाली आणि येऊन माझ्या गुडघ्याशी बसली. तू कपाळाला हात लावलास. तिचा माइक वेगळा, माझा वेगळा, ट्रॅकही वेगळे. पण बसलो हातभर अंतरावर.

पुढचं तूच मला फोनवर सांगितलंस, हसत हसत. लंकाबाईचा ट्रॅक तू काढून टाकलास, त्याजागी तुझी मेहुणी दिपाली हिचा आवाज बसवलास आणि म्हातारीला सांगितलंस, "मावशे, मशीनला तुझा आवाज सोसंना." तिने ते निमूट मानलं. दसऱ्यानंतर लेकासुनेबरोबर कोयत्यावर, ऊस तोडायला गेली. पण तिचा आवाज माझ्या माइकातही शिरला होता. संबळ ठेवायचा तर म्हातारीही राहणार. जत्रेला तू गाणं काढलंस, तेव्हा दिपालीच्या गुळगुळीत गाण्यामागे कुणीतरी बारीक, फाटक्या आवाजात गातंय, हे लोकांनी ऐकलं आणि ठरवून टाकलं की प्रत्यक्ष आईच गाते. तुला खरं ठाऊक होतं. तू गाण्याखाली लिहिलंस, 'हेडफोन लावून ऐका, देवीचा साक्षात आवाज.' आप्पासाहेब सरपंचांनी फेटा बांधून तुझा सत्कार केला, तेव्हा तू डोळेही पुसलेस. तेवढ्या एका गोष्टीत इको कमी होता, हे कबूल करतो.

मीही गप्प बसलो. त्या सत्कारात नारळ मलाही मिळाला होता. त्याची चटणी आठ दिवस पुरली, म्हणजे मी फार स्वच्छ आहे असं समजू नकोस.

परवा यंदाच्या नवरात्रातल्या जागरणाचं सांगायला लंकाबाईकडे गेलो. सुनेच्या मोबाईलपुढे हात जोडून ती तेच गाणं ऐकत होती. माणसाला स्वतःचा आवाज बाहेरून ओळखू येत नाही म्हणतात, ते खरं असावं. मला म्हणाली, "गुरुजी, आई बी माझ्यावानीच तिसऱ्या कडव्याला अडकती बगा. आन आता तीच गाती म्हनल्यावर म्या कशाला त्वांड उघडू?" पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिने जागरणाला नाही म्हटलं. "लंकाबाई, तो आवाज तुझाच आहे," असं मी तिला सांगून पाहिलं; तिने जीभ चावली आणि देवीचं असं बोलू नये म्हणाली. माझं ती ऐकायची नाही, मी नुसता वाजवणारा. मशीनवाल्याचं ऐकेल. आपला आवाज चालत नाही, हेही तिने तुझंच तर ऐकलं होतं. म्हणून हे पत्र. घटस्थापनेच्या आधी कॉम्प्युटर घेऊन ये, तिच्या ओट्यावर मांड. दिपालीला म्यूट कर, शंख म्यूट कर, विजा म्यूट कर आणि एकटा माझा ट्रॅक लाव. मग हे कोण गातंय, ते तुझ्या तोंडाने तिला सांग. फेटा बांधून आलास तरी चालेल.

तुझाच, अजून तरी,
हनुमंत