पश्चिमेच्या खिडकीचे नऊ फेरे

५ मे, सोमवार

आलो एकदाच्या! मी, ऐशू, दोन बॅगा आणि वहिनीने 'असू दे, लागेल' म्हणून बळेच दिलेली एक निळी बादली. रिक्षावाल्याने बादलीकडे असं पाहिलं की मीच ओशाळले.

खोपटला एसटी डेपोच्या मागे हा कौलारू बंगला आहे. तीन बाजूंनी टॉवर उभे राहिले, हा मात्र हलला नाही. घरात एमिलिया आंटी एकट्याच, वय एक्याऐंशी. नवरा थॉमस जाऊन नऊ वर्षं झाली. संधिवाताने दोन्ही हातांची बोटं आत वळलीत, वॉकर धरून जेमतेम दहा पावलं चालतात. मुलगा ब्रँडन कॅनडात. फोनवर बोलला, मराठी अजून शाबूत आहे पठ्ठ्याची. म्हणाला, हा महिना बघू, आईला तुम्ही आवडलात तर मुलीला कायमची इथेच ठेवा, जूनला इथल्याच शाळेत घाला.

मी बारा वर्षं लोकांच्या घरी राहून पेशंट सांभाळते. ऐशू दहाची आहे, त्यातली सहा वर्षं ती माझ्या दादाकडे, डोंबिवलीला मानपाड्यात वाढली. रविवारची आई होते मी. आज संध्याकाळी तिची वेणी घातली तर तीच म्हणाली, आई, तू फार घट्ट घालतेस, मामी सैल घालते. हसले, आणि मग मोरीत जाऊन थोडी रडलेसुद्धा. हा महिना काहीही करून नीट पार पडायला हवा.

पेशंटचं प्रेशर, शुगर, गोळ्या, सगळं वेळेसकट लिहायची आम्हा लोकांना सवय. त्याच वहीच्या मागच्या पानांवर हे माझं खासगी खातं.

६ मे, मंगळवार

या घरातल्या खिडक्या पाहून ऐशूला वेडच लागलंय. आठ खिडक्या, सगळ्या बाहेर उघडणाऱ्या, पण एकीलाही कडी नाही की खिट्टी नाही. खाली चौकटीत एक छोटं हँडल, घडी घातलेलं. ते उलगडायचं आणि गोल फिरवायचं, हातशिलाई मशीनसारखं. आत दातेरी चाकं आहेत, ती एका दांड्याला ढकलतात आणि झडप हळूहळू बाहेर जाते. पूर्ण उघडायला नऊ फेरे. आतून डासांची जाळी पक्की बसवलेली, हँडल जाळीच्या अलीकडे. आंटींच्या बोटांना कडी ओढवेना म्हणून ब्रँडनने या मुद्दाम बसवून घेतल्या. मी सगळ्यांना मशीनचं तेल घातलं.

आंटींच्या खोलीतली खिडकी पश्चिमेची, दुधी काचेची. बाहेर टॉवरच्या भिंतीपर्यंत जेमतेम दोन हातांची बोळ. तिच्या एका टोकाला भिंत, दुसऱ्या टोकाला लोखंडी गेट आणि त्याला टॉवरवाल्यांचं कुलूप.

गंगुबाई नऊ ते चार कामाला असते, तिच्याकडे घराची चावी आहे. तिने बजावलं, दिवस मावळायच्या आत खिडक्या लावा, पश्चिमेची आधी. का, विचारलं तर म्हणे डास. जाळी असताना डास! या नोकरीवर तिच्या भाचीचा डोळा होता हेही तिनेच सांगितलं. बाई गोड आहे, पण नजर ठेवायला हवी.

७ मे, बुधवार

आज माझ्याकडून चूक झाली.

आमच्याकडे दिवेलागणीला दार बंद ठेवत नाहीत, लक्ष्मी यायची वेळ असते. इथे संध्याकाळी पुढचं दार कुलूपबंद ठेवायचं हा ब्रँडनचा नियम. मी देवीच्या फोटोपुढे निरांजन लावलं, उकडत तर होतंच, म्हटलं दार नाही तर निदान खिडकी. ऐशूने पश्चिमेच्या खिडकीचे नऊच्या नऊ फेरे मोजत फिरवले. मोठ्याने हाक मारली, ये गं लक्ष्मीबाई, घरात ये. तिच्या आजीने शिकवलेलं आहे ते.

आंटी झोपल्या होत्या. डोळे उघडले आणि अशा किंचाळल्या की ऐशूच्या हातातली काडेपेटी पडली. 'लाव गो पोरी, लाव ती खिरकी!' मी धावत जाऊन नऊ फेरे उलटे फिरवले. बोळीतून ओल्या भिंतीचा वास आत आला होता. मे महिन्यात ओल कुठली, कोण जाणे.

प्रेशर १८०. मला वाटलं, ख्रिश्चनांच्या घरात मी निरांजन लावलं म्हणून रागावल्या. माफी मागितली. तर म्हणाल्या, दिव्याचं काय नाही. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

८ मे, गुरुवार

साडेसहाला मी स्वतः पश्चिमेची खिडकी लावली होती. सात दहाला बघते तर एक फेरा उघडी. फार नाही, बोटभर फट.

गंगुबाई विसरलेला डबा न्यायला पावणेसातला येऊन गेली होती. मला वेंधळी ठरवून भाचीला आणायचा बेत दिसतोय. मीही कच्च्या गुरूची चेली नाही.

९ मे, शुक्रवार

दोन फेरे. आणि गंगुबाई आज आलीच नव्हती, नातेवाइकाच्या लग्नाला गेली होती.

१० मे, शनिवार

काळुराम मिस्त्रीला बोलावलं. त्याने हँडलचा बारीक स्क्रू काढून हँडल उपसून दाखवलं, आत दाते असलेली बोटभर खुंटी. म्हणाला, ताई, ही चाकं फक्त या खुंटीचं ऐकतात. बाहेरून झडप कितीही ओढली तरी एकवेळ दांडा मोडेल, पण हँडल फिरणार नाही. उघडायचं तर आतूनच कोणीतरी फिरवायला हवं. आणि बाहेर तर चिडीचूप गल्ली आहे, तुम्ही उगाच घाबरताय. चहा पिऊन गेला.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात. परत आले तर तीन फेरे.

आतूनच कोणीतरी. घरात आम्ही तिघी. एकीला पेला धरता येत नाही. एक मी.

१२ मे, सोमवार

काल चार, आज पाच.

ऐशूला समोर बसवून विचारलं. नाही म्हणाली. पुन्हा विचारलं. डोळ्यांत बघून नाही म्हणाली, तेव्हा मला वाटलं ही सराईतपणे खोटं बोलतेय, सहा वर्षं माझ्यापासून लांब राहून शिकलीय. मी तिला मारलं. जन्मात पहिल्यांदा. बोटं उठली गालावर.

रडत रडत म्हणाली, मी नाही गं, आजी उघडते. आजी बाहेरच्या काकांशी बोलते.

मी तिला आणखी ओरडले. माझ्या लेकीवर संशय घेऊन मी काय मिळवलं? आता ती माझ्याकडे पाठ करून झोपलीय.

१३ मे, मंगळवार

ऐशू खरं बोलत होती.

सात वाजता मी आंटींच्या दाराच्या पडद्यामागे उभी राहिले. त्या उठल्या. वॉकर नाही, भिंतीचा आधार नाही. दोन्ही मनगटांच्या मधे हँडल धरून फिरवू लागल्या, कळवळत, एकेक फेरा. प्रत्येक फेऱ्यानंतर कान देऊन थांबायच्या आणि मान हलवायच्या. सहा झाल्यावर मी जाऊन धरलं.

खरं सांगायचं तर आधी सुटकाच वाटली. म्हाताऱ्या पेशंटना दिवस मावळताना भ्रम होतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय. कोणी गेलेल्या नवऱ्याला जेवायला वाढतं, कोणी माहेरी निघतं.

त्यांना पाणी पाजलं, तेव्हा शांतपणे बोलल्या. नऊ वर्षं या वेळेला खिडकी लावलेली असायची, म्हणून ते यायचं आणि पुढे जायचं. त्या संध्याकाळी आम्ही ती उघडली, वर ऐशूने 'ये' म्हणून हाक मारली. आता त्याला कळलंय की आत माणसं आहेत. रोज एकच फेरा जास्त मागतं. 'आवाज थॉमसचा हाय, पन तो थॉमस नाय. ठावं हाय मला. तरी हात जातो गो.'

त्यांनी माझा हात धरला. मला म्हणाल्या, हँडलं काढून ने.

ऐशूच्या पाया पडायचं तेवढं राहिलं. तिने माफ केलं. मुलं लवकर माफ करतात, त्याचंच वाईट वाटतं.

१४ मे, बुधवार

आठही हँडलं काढली, स्टीलच्या डब्यात घालून माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवली. ब्रँडनला फोनवर सगळं सांगितलं, आवाजाचं सोडून. डॉक्टरांची वेळ घेतो म्हणाला. मला थँक यू म्हणाला.

सात वाजता आंटी खिडकीकडे बघून रडत होत्या. मी त्यांच्या उशाशी बसून मोठ्याने टीव्ही लावला. सव्वासातला झोपल्या. खिडकी बंद. आठवड्याभरात पहिल्यांदाच मी पोटभर जेवले.

१५ मे, गुरुवार

६.५०: प्रेशर १४०/८०. पेज थोडी. शांत.
७.०५: मी ऐशूला वाढायला गेले. दहा मिनिटं. फार तर दहा.

आंटी खिडकीखाली जमिनीवर. हँडल नव्हतं, म्हणून नुसती खुंटी दातांत धरून

तोंडाला रक्त. खिडकी सात फेरे उघडी. मी पक्कड आणून ती बंद केली, मगच त्यांची नाडी पाहिली. असं मी का केलं? आधी नाडी बघतात.

डॉक्टरांनी हार्ट लिहून दिलं. ब्रँडन फोनवर रडला. त्यांना शवागारात ठेवलंय, तो परवा सकाळी पोचेल. तोवर घर सोडू नका म्हणाला, माझं म्हणून तुमच्याशिवाय कोणी नाही तिथे.

ऐशूने विचारलं, आई, आजी गेली, आता ते काका कोणाशी बोलणार?

१६ मे, शुक्रवार

दुपारी दादाला बोलावलं. पाचला बाईक घेऊन आला. ऐशूला मागे बसवलं, बॅग मधे. ती जायला तयार नव्हती. वाटलं तिला, मी पुन्हा तिला ठेवून देतेय. म्हटलं, फक्त दोन दिवस, देवीची शपथ. गल्लीच्या वळणापर्यंत मागे बघत होती.

शिळफाट्याला ट्रॅफिक तुंबलं असलं तरी साडेसहापर्यंत पोचायला हवेत. पोचलात की लगेच फोन करा, दहादा बजावलंय.

६.४५ - फोन नाही. वहिनी म्हणाली, अजून आले नाहीत.

६.५५ - दादाचा फोन वाजतोय, उचलत नाही. गाडीवर असेल. गाडीवरच असेल.

७.०४ - पश्चिमेच्या खिडकीशी कोणीतरी काच खरवडतंय.

७.०६ - ऐशू आहे.

ऐशूचा आवाज आहे. आई म्हणतेय.

७.०८ - खिडकीपासून लांब, स्वयंपाकघरात येऊन लिहितेय. ती ऐशू नाही. हे मला माहीत आहे. आंटींनाही माहीत होतं. ती डोंबिवलीच्या वाटेवर आहे, माझ्या दादाच्या पाठीला धरून.

७.११ - रडतेय. म्हणते, मामाची गाडी पडली, मामा उठत नाही, मी परत आले. पुढचं दार उघडते, इकडून ये म्हटलं. म्हणते, गेट बंद आहे, अडकलेय, पायातून रक्त येतंय.

दादा फोन उचलत नाही.

७.१४ - बाहेरून जाऊन आले. बोळीच्या गेटला कुलूप. आत अंधार. हाक मारली, आवाज नाही. टॉवरचा वॉचमन भगवान म्हणाला, दिवाळीपासून कुलूप उघडलेलं नाही. पण गेटखाली फट आहे. तिच्याएवढं मूल सरपटत जाईल. जाईलच की. भगवान चावी आणायला गेलाय ऑफिसात. पाच मिनिटं म्हणाला.

७.१७ - भगवान नाही आला. आत आले तर पुन्हा आवाज. पहिल्यापेक्षा हळू. झोप येतेय म्हणते. डोक्याला मार लागलेल्याला झोप येऊ द्यायची नसते. बोलत राहा म्हटलं. बोलते, आई, तू मला मारलंस तरी मी कोणाला सांगितलं नाही.

हे तिच्याशिवाय कोणाला

मीच घालवलंय तिला. पुन्हा एकदा मीच.

७.१९ - हँडल बसवलं. एक फेरा. बोट आत येईल एवढीच फट. हात दिसला तर ओळखेन. माझ्या मुलीचा हात मी ओळखेन.

७.२० - दोन. अंधार आहे. आणखी एक म्हणते.

तीन

चार. ओल्या भिंतीचा वास

पाच. ऐशू हात दाखव ना गं

सहा. जाळी आत फुगतेय

७.२४ - सात. दादाचा फोन. वाजतोय, दादाचं नाव दिसतंय - ती म्हणते नको उचलूस आई, आधी दोनच फेरे, आधी मला