जिन्याखालची हाक

तारीख ३, सोमवार

आधी तक्रार. नमस्कार-चमत्कार मागाहून. ह्या घरात एकही भांडं सरळ नाही. कढईचे कान चेपलेले, चमच्यांच्या माना मुरगळलेल्या, डब्याचं झाकण लावायला कुस्ती खेळावी लागते. माझी सून परवानाधारक वीर आहे, अंगात दहा जणांचं बळ आहे, सगळं कबूल. पण झाकणानं तिचं काय घोडं मारलं होतं?

बाकी मी सुखरूप पोचले. घर छान आहे. वीरखात्याची वसाहत, मोठ्या खिडक्या, सकाळचं ऊन थेट पाळण्यापर्यंत. बाळाचं नाक आमच्या घराण्याचं, रडणं तिच्या माहेरचं. सुनेची बाळंतपणाची रजा संपत आली, म्हणून मला बोलावलंय. ही वहीसुद्धा तिनंच दिली. म्हणाली, आई, मनात येईल ते सगळं मलाच नका ऐकवू, थोडं लिहूनही ठेवत जा. चार यत्ता शिकलेय, तेवढं येतं मला.

हल्ली शक्ती कोणाला नाही? माझा पोरगा पालीसारखा भिंत चढतो, म्हणून उंच इमारती रंगवतो. मला चटका बसत नाही, तापला तवा नुसत्या हातानं उचलते. खातं ह्याला घरगुती वर्ग म्हणतं, म्हणजे स्वयंपाकघराबाहेर हात चालवायचा नाही. लोकांना वाचवायचं ते परीक्षा पास झालेल्यांनी. आमच्या वेळी कोणी बुडायला लागलं की जवळचा उडी टाकायचा. आता आधी परवाना दाखवायचा, मग बुडणाऱ्यानं बुडायचं का ते ठरवायचं.

तारीख ५, बुधवार

आज ह्या वीरांचं काम जवळून पाहिलं. दुपारी बाळाला घेऊन जिन्यात ऊन खात बसले होते. खालून, पंपाच्या खोलीतून, कोणीतरी ‘वाचवा’ म्हणून ओरडलं. घोगरा, म्हाताऱ्या माणसाचा आवाज. समोरच्या घरातला उडता वीर जेवता जेवता उठला, मोठ्यानं ‘ओ’ म्हणाला आणि खरकट्या हातानं खाली गेला.

मी उठले तर सुनेनं दंड धरला (निळा पडलाय). मग नियम सांगितला. हाकेला जो आधी ओ देईल, हाक त्याची. पूर्वी एकाच हाकेला चार-चार वीर धावायचे आणि एकमेकांवर आपटायचे, म्हणून ही पद्धत. ओ दिली की जायचंच, मागे फिरलं तर परवाना गेला. आणि तो परत येईपर्यंत दुसऱ्यानं मदतीलाही जायचं नाही. वीरांच्या शाळेत म्हणे ह्यांच्याकडून वर्षभर हेच घोकून घेतात. हाक ऐकली की झोपेतही तोंडातून ओ निघते.

चहाची वेळ झाली तरी उडता आला नाही. त्याची बायको म्हणाली, येतील, कामं लांबतात. जिन्याखालच्या खोलीत काम किती लांबणार बाई?

तारीख ८, शनिवार

अजून आला नाही. खात्याचा साहेब आला. ह्याची शक्ती म्हणजे पाकीट न उघडता आतलं वाचणं. त्यानं पंपाची खोली उघडून दाखवली. एक पंप, एक झाडू, ओली फरशी. दुसरं दार नाही, खिडकी नाही. मी म्हटलं, आत गेलेला माणूस कुठाय मग? तर म्हणाला, वीरानं ओ दिलेली आहे, काम चालू आहे असं धरलं जातं. मी म्हटलं, कोण धरतं? म्हणाला, खातं धरतं. म्हटलं, खात्याला म्हणावं त्याचा पाय धर आणि ओढून काढ बाहेर. सून मला घरात घेऊन आली. उचलून.

तारीख ११, मंगळवार

परत हाक आली. ह्या वेळी उडत्याच्या आवाजात.

त्याची बायको अनवाणी धावली. पण वरच्या मजल्यावरच्या काचडोळीनं आधी ओ दिली. तिला भिंतीपलीकडचं दिसतं, म्हणून हे नाव. ओ देऊन झाल्यावर तिनं खाली पाहिलं आणि जिन्यातच थबकली. आत कोणी नाही म्हणाली. पंप आहे, झाडू आहे, माणूस नाही. मी म्हटलं, मग मरायला जातेस कशाला? म्हणाली, आजी, ओ देऊन बसले ना.

आणि गेली. दार लागल्यावर आतून काही आवाज आला नाही. पाऊलसुद्धा वाजलं नाही.

तारीख १२, बुधवार

खाली गेले होते. सुनेला सांगितलं नाही.

दाराला हात लावला. जन्मात ज्या हाताला चटका माहीत नाही, त्या तळव्यावर फोड आलाय. दार तापलेलं नव्हतं. थंडगार होतं.

तारीख १४, शुक्रवार

आता काचडोळीची हाक येते. सकाळी, दुपारी, कपडे वाळत घालताना. मी नीट कान देऊन ऐकलं. ओरडणारा माणूस मध्ये दम घेतो. हे दम घेत नाही. एका दमात ओरडत राहतं, आवाज तेवढाच, कमी नाही जास्त नाही.

खात्यात गेले. ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर. एक म्हणतो तक्रार वीरानं स्वतः करावी. अरे, तो आत आहे! मग दुसरा म्हणतो, आत आहे म्हणजे कामावर आहे. भिंतीवर डोकं आपटलं असतं, पण त्याचाही परवाना लागायचा.

साहेबानं तेवढं सांगितलं की सोमवारी सून रुजू झाली की इमारतीतल्या हाका तिच्याकडे. पाळी लागली आहे.

जाता जाता विचारलं, परवाना नसलेल्यानं ओ दिली तर? साहेब म्हणाला, गुन्हा आहे. म्हटलं, ते झालं, पण हाक कोणाची? त्यानं दोनदा पुस्तक चाळलं. मग हळूच म्हणाला, आधी देईल त्याची.

तारीख १५, शनिवार

सुनेला म्हटलं, राजीनामा दे, तीन वेळा म्हटलं. म्हणाली, आई, आत दोघं आहेत, खरंच असतील तर? म्हटलं, असते तर दम घेतला असता. ती रडली नाही. हातातला पेला चेपला.

पोरगा म्हणतो, बाळाला घेऊन सगळे दुसरीकडे जाऊ. निघालो. पिशव्या घेऊन जिना उतरायला लागलो तर खालून हाक –

सुनेच्या नावानं. माहेरचं नाव. ते फक्त तिची आई घ्यायची, आणि ती जाऊन वर्षं झाली.

सुनेचं तोंड उघडलं होतं. मी तिच्या तोंडावर हात दाबला. तिनं मनात आणलं असतं तर हात मोडला असता माझा. मोडला नाही. बाहेरची वाट त्या दारावरूनच जाते, म्हणून परत वर आलो.

तारीख १६, रविवार

दिवसभर हाका. बाळ रडत नाही. दाराकडे बघत राहतं.

सुनेच्या कानात कापूस घातला. ती काढते. म्हणते, ऐकू आलं नाही तर खऱ्या माणसाची हाक चुकेल. काय करावं हिचं –

तारीख १७, सोमवार

गणवेश घातला तिनं. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. जिन्याखालून. बाळ माझ्या मांडीवर होतं, झोपलेलं.

तिनं ओठ उघडले –

मी आधी म्हटलं. ओ. सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं.

ती पाया पडते, ओरडते, मला उचलून नेईन म्हणते. म्हटलं, हात लावायचा नाही, हाक माझी आहे. तुझ्याच खात्याचा नियम. बाळ तिच्या हातात दिलं. जरा हलक्यानं धर म्हटलं, ते पातेलं नाही.

वही घेऊन पायरीवर बसलेय. दार आपोआप उघडलंय. फरशी ओली. पंप नाही, झाडू नाही, भिंतही –

सूनबाई, नीट वाच. पुढची हाक माझ्या आवाजात येईल. तुला शिव्या घालील, पाय मोडला म्हणेल, बाळाला घेऊन ये म्हणेल. तू ओ द्यायची नाहीस. पोरानं नाही. ह्या इमारतीत कोणीच नाही. पाळी लावणाऱ्या त्या साहेबाला धरून आण, दंड निळा पडेल असा धर, आणि इथं दारापुढं उभा कर. ओ त्यानंच द्यायची. त्याच्याआधी कोणी तोंड उघडलं तर माझ्याशी गाठ –