जावयाचं ॲव्हरेज

दौंड,
६ जानेवारी २०२५

ती. सौ. अक्कास,
सावळारामचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मला नीट ऐकू येत नाही आणि तू ओरडून घसा बसवून घेतेस, त्यापेक्षा आपलं पत्रच बरं. सगळी नोकरी रेल्वेच्या इंजिनात गेली, त्यात कान एवढे तरी उरले हेच पुष्कळ.

नवी गाडी झकास आहे. ऑटोमॅटिक गिअरची घेतली. दांड्याशेजारी तीन बटणं आहेत, इको, नॉर्मल आणि स्पोर्ट. इको लावलं की ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी जरा विचार करून पुढे जाते. स्पोर्ट लावलं की नुसता पाय टेकवायचा अवकाश, गाडी उधळते. त्या बटणावर मी दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून टाकली आहे. मला लिटरला तेवीस किलोमीटर मिळतात. शोरूमच्या पोराला हे सांगितलं तर त्याने मीटर बिघडला असेल म्हणून गाडी तपासायला आत घेतली.

यात जादू काही नाही. पुढे स्पीडब्रेकर दिसला की ब्रेकची वाट बघायची नाही. लांबूनच पाय काढून घ्यायचा आणि गाडी आपल्या आपण जाऊ द्यायची. मालगाडी आम्ही अशीच सोडून द्यायचो, स्टेशन यायच्या कितीतरी आधी. बाकी दर रविवारी चाकांत हवा बघायची आणि एसी लागेल तेव्हाच लावायचा. मला तो लागत नाही.

आता मुद्द्याचं. तू सुचवलेला सत्यजीत येऊन नंदिनीला बघून गेला. शिरूरच्या मार्केट यार्डाजवळ ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे, बोलणं नम्र आहे. नंदिनीला पसंत दिसतो, तिच्या आईला, सविताला, तर फारच. पण बघायला येताना सगळीच मुलं इस्त्री केलेली असतात. आपल्या आबांनी तुझ्या वेळी काय केलं ते आठव. दाजींच्या घरी चहाला न बसता आधी गोठ्यात गेले आणि बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. चाबकाचा वळ नाही, पराणीची टोच नाही, तेव्हा कुठे म्हणाले, पोरगी द्यायला हरकत न्हाई. आता बैल राहिले नाहीत, म्हणून मी ॲव्हरेज बघणार.

एकोणीस तारखेला सत्यजीत एसटीने इकडे येणार आहे. नंदिनीला आणि सविताला घर दाखवायला तो माझ्या गाडीतून शिरूरला आणील आणि संध्याकाळी परत सोडील. निघताना मी मीटर शून्यावर करीन. वीसच्या वर ॲव्हरेज आलं तर साखरपुडा, नाहीतर राम राम. त्याला यातलं काही कळू देऊ नकोस.

दाजींना नमस्कार. माया वाढवली नाहीस तरी चालेल, आहे तेवढी टिकव.

तुझा,
सावळाराम


शिरूर,
१० जानेवारी २०२५

चि. सावळाराम यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र दाजींना मोठ्याने वाचून दाखवलं. बैलांपाशी आले तेव्हा त्यांना चहाचा असा ठसका लागला की पाठ चोळावी लागली. वय झालं आता त्यांचं.

तुझ्या तेवीसच्या ॲव्हरेजमध्ये मी बसून आले आहे, मला सांगू नकोस. मागच्या महिन्यात न्हावऱ्याच्या लग्नाला दौंडहून आपण निघालो तेव्हा मला वाटलं होतं, नवरी मंडपात यायच्या आधी पोचू. चौफुल्याच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरने आपल्याला मागे टाकलं. त्याचा ड्रायव्हर वळून बघत होता, गाडी बंद पडली का म्हणून. एसी लावायचा नाही कारण पेट्रोल जातं, आणि काच उघडायची नाही कारण वारं आत शिरून गाडी अडते. मी नव्या साडीत भाजून निघाले. पोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या आणि आपल्या वाट्याला मठ्ठा आला.

सावळ्या, हे तिसरं स्थळ आहे. पहिला मुलगा चपला फरफटत चालतो म्हणून तू नाकारलास. दुसरा चहावर फार फुंकर मारतो म्हणून. नंदू अठ्ठावीस वर्षांची झाली. कुरकुंभच्या कंपनीत ती औषधं तपासून पास-नापास करते, तिला एक माणूस तपासता येणार नाही असं तुला का वाटतं? सत्यजीतच्या आईला सुप्याहूनही सांगून आलं आहे. ती केवळ माझ्या शब्दाखातर थांबली आहे, पण किती दिवस थांबेल?

तरी तू ऐकणार नाहीस हे मला ठाऊक आहे. घे तुझी परीक्षा. मी त्या मुलाला काही सांगणार नाही.

सविताला आशीर्वाद. तुलाही भरपूर पाठवते आहे, इको लावून पुरवून वापर.

तुझी,
अक्का


दौंड,
२० जानेवारी २०२५

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

बारा. लिटरला बारा. चष्मा पुसून पुन्हा बघितलं, तरी बाराच.

काल संध्याकाळी गाडी दारात आली तेव्हाच मला वास आला. पुढच्या चाकाजवळ हात नेला तर चटका बसला, इतके ब्रेक तापलेले. स्पोर्टच्या बटणावरची पट्टी काढून पुन्हा लावली होती आणि तिचा एक कोपरा दुमडला होता. सत्यजीतला मी गाडी कशी वाटली एवढंच विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, लई पळती. मग म्हणाला, काही चुकलं असंल तर माफ करा. म्हणजे कबुलीच दिली की.

जो माणूस आधी गाडी दामटतो आणि मग करकचून ब्रेक मारतो, तो घरातही तसाच वागणार. आधी तडकणार आणि मग समजूत काढायला साडी आणणार. त्यापेक्षा रस्ता लांबून बघून पाय काढून घेणारा माणूस मला हवा होता.

नंदिनीला निर्णय सांगितला. ती काही बोलायला लागली, पण मीच तिला थांबवलं. म्हटलं, यात तुझी काही चूक नाही. तुला मी स्वतः गाडी शिकवली आहे. तुझ्या हातात स्टिअरिंग असतं तर चोवीस आलं असतं. त्यावर ती उठून आत गेली आणि आज डबा न घेता ड्युटीला गेली. सविता कालपासून भाकऱ्या जरा जास्तच जोरात थापते आहे. त्यांचं दोघींचं वाईट वाटतं, पण बाप म्हणून कुणीतरी कठोर व्हायला हवं.

तेव्हा नकार तूच गोड शब्दांत कळव. रागावलीस तरी राग फार दिवस चालू ठेवू नकोस.

तुझा,
सावळाराम


दौंड,
२२ जानेवारी २०२५

ती. सौ. आत्यास,
नंदिनीचा सा. न. वि. वि.

आत्या, हे फोनवर सांगायचं धाडस नाही, म्हणून मीही अण्णांसारखं पत्र लिहिते आहे. गाडी मी चालवत होते. जातानाही आणि येतानाही.

येताना सत्यजीतने फक्त आमच्या गल्लीच्या तोंडापासून दारापर्यंत चालवली आणि जाताना दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत. तिथे त्यानेच मला विचारलं, तुम्हाला चालवायची आहे का. मला आजवर कुणी असं विचारलेलं नाही. अण्णा शेजारी बसले की त्यांचा हात त्या चिकटपट्टीवर असतो आणि डोळे मीटरवर. गाडी शिकल्यापासून मी एकदाही साठच्या वर गेलेले नाही. चौफुला ओलांडल्यावर मोकळा रस्ता दिसला आणि मी पट्टी काढली. आत्या, ती गाडी पळते गं. उसाच्या ट्रॉल्या अशा मागे पडत होत्या की मला हसू आवरेना. वळण आलं की ब्रेक, वळण गेलं की पुन्हा दाब. अण्णांनी शिकवलेलं सगळं मी उलटं केलं.

सत्यजीत हळू चालव म्हणाला नाही. चौफुल्याला घेतलेला भेळेचा पुडा दोन्ही हातांनी धरून बसला होता. फक्त एकदा न्हावऱ्याच्या अलीकडे त्याने विचारलं की थोडा वेळ डोळे मिटले तर राग येणार नाही ना. मी त्याच वेळी ठरवलं, लग्न करीन तर याच्याशी. आई मागे बसली होती. मला वाटलं ती ओरडेल, तर म्हणाली, तीस वर्सांत आज पहिल्यांदा वारं लागलं.

दारात अण्णा ब्रेकला हात लावून बघायला लागले तेव्हा मी सांगणारच होते. पण सत्यजीतने आधीच मान खाली घातली. नंतर फोनवर म्हणाला, त्यांनी तुम्हाला शिकवलंय, त्याचा त्यांना लई अभिमान हाय, तो ऱ्हाऊ द्या. मला काय, मी अजून कुणीच न्हाई त्यांचा. आई म्हणते, तुझं तू सांग. पण अण्णा ज्याला त्याला सांगतात की नंदिनी माझी शिष्या, आणि मला त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. मला त्यांना दुखवायचं नाही आणि सत्यजीतलाही सोडायचं नाही. काय करू ते तूच सांग.

तुझ्या मायेवर कायम हक्क सांगणारी,
नंदू


शिरूर,
२५ जानेवारी २०२५

चि. सावळाराम यास,
अनेक आशीर्वाद.

पोस्टावर भरवसा ठेवायला वेळ नाही. शेजारचा भारत उद्या पहाटे दौंडला सासुरवाडीला निघणार आहे, त्याच्या हाती हे देते. आधी खाली बस आणि मग वाच.

ते बारा तुझ्या शिष्येचे आहेत. गाडी नंदू चालवत होती, सत्यजीत शेजारी भेळ सांभाळत होता आणि तुझी बायको मागे वारं खात होती. त्या मुलाने तुझ्यासमोर आळ अंगावर घेतला, कारण तुझ्या मनातून तुझी लेक उतरू नये. तिच्यावर चिडू नकोस. तिने मला डोळ्यांत पाणी आणून लिहिलं आहे आणि तुला दुखवायचं नाही म्हणूनच ती गप्प आहे.

आता बैलांचं. आबांनी ज्यांच्या पाठीवरून हात फिरवला ते बैल दाजींचे नव्हते. पाहुणे येणार म्हणून माझ्या सासऱ्यांनी शेजारच्या पोपटरावांचे आणून बांधले होते. दाजींचे बैल बघितले असते तर आबा उंबऱ्यावरूनच माघारी फिरले असते. मला हे लग्नानंतर आठवड्याभरात कळलं. आणि एवढ्या संसारात दाजी माझ्यावर एकदाही आवाज चढवून बोललेले नाहीत. ज्यांच्या बैलांच्या पाठी गुळगुळीत होत्या त्या पोपटरावांनी बायकोला एक दिवस सुखाने जेवू दिलं नाही, हे सगळ्या आळीला माहीत आहे. तुला ठसक्याचं कारण आता कळलं असेल.

तुला जावई चांगला हवा हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे नंदूने घरातून जाऊच नये असं तुला वाटतं. म्हणून तुला चपला दिसतात, फुंकर दिसते, मीटर दिसतो. मला ते समजतं रे. पण लांबूनच पाय काढून घ्यायचा हे तू जगाला शिकवतोस, तर आता तुझाही काढ.

सुप्याची मंडळी उद्या दुपारच्या जेवणाला सत्यजीतकडे येणार आहेत. नकार मी अजून कळवलेला नाही. त्याची आई त्यांना शब्द देऊन बसली तर मग तू चोवीसचं ॲव्हरेज आणलंस तरी उपयोग नाही. पुढचं तुझ्यावर सोडते.

वाट बघणारी,
अक्का


दौंड,
२८ जानेवारी २०२५

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

परवा गर्दीत तुझ्याशी नीट बोलता आलं नाही. सुप्याच्या मंडळींच्या आधी पोचून मी होकार दिला, त्यामुळे त्यांना बिचाऱ्यांना आमच्याच साखरेच्या पुड्यातली चिमूट खाऊन परत जावं लागलं, पण माणसं समजूतदार निघाली. सत्यजीत माझ्या पाया पडायला वाकला तेव्हा त्याला मी उठवून मिठीच मारली. मला रडू आवरेना. तू तोंड फिरवलंस ते बरं केलंस.

सुट्टीच्या दिवशीही नंदिनीला ड्युटी होती, ती आल्यावर तिला सांगितलं. तिने माझ्या गळ्यात हात टाकून माफी मागायला सुरुवात केली. मी म्हटलं, माफी राहू दे, वळणावर ब्रेक मारतेस ते आधी सुधार. वळणाआधी मारायचा असतो. तिच्याशिवाय हे घर कसं वाटेल ते मला अजून बघवत नाही, पण सवय करीन.

आता एक गोष्ट तुझ्यापुरती ठेव. तू दारातच विचारलंस की इतक्या लवकर कसा आलास, तेव्हा मी म्हणालो, पहाटेच निघालो होतो. ते खरं नाही. भारतने तुझं पत्र दिलं तेव्हा मी अंगणात चाकांची हवा बघत होतो आणि ऊन चांगलं वर आलं होतं. सविता चप्पल घालून गाडीत बसलेलीच होती, तिला बहुतेक सगळं आधीच माहीत होतं. चौफुल्यापर्यंत मी इकोवरच होतो. मग पुढे उसाच्या ट्रॉल्या लागल्या, घड्याळ बघितलं आणि सुप्याची माणसं पाटावर बसलेली मला दिसायला लागली. मी पट्टी ओढून काढली. मागून सविताने एवढंच विचारलं, हे बटण इतके दिस कुठं ठिवलं व्हतं.

तुझ्या दारात गाडी उभी करून मीटर बघितला. दहा. मी इकडेतिकडे बघितलं आणि शून्यावर आणून टाकला. नंदिनीला सांगू नकोस. तिला बारावरून बोलायला मला काहीतरी तोंड राहू दे.

दाजींना नमस्कार सांग आणि म्हणावं, बैल चांगले होते.

तुझा,
सावळाराम