डावा ब्रेक टाचेने

४ तारीख, सोमवार

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बाबांनी मोठ्याने वाचून दाखवलं. आजीला जाऊन दीड महिना झाला, आता पुढची खोली मोकळी करा. आजारी माणसांसाठी ती जे जे द्यायची, चाकाची खुर्ची, वॉकर, कुबड्या, वाफेचं मशीन, ते सगळं यादी करून हॉस्पिटलला द्या. तिथे भिंतीवर आजीच्या नावाची पाटी लागेल, खोलीत माझं टेबल येईल आणि मी परत अभ्यासाला बसेन. बाबा म्हणाले, आत्या म्हणते ते बरोबर. मी गप्प. उगाच नाही तू मला घुमी म्हणत.

पण लिहिताना कोणी तोंडाकडे बघत नाही, म्हणून लिहिते. यादी होणार नाही, कारण खोलीत काही नाहीच. एक मोडकी कुबडी, दोन सुटी चाकं आणि आजीचा पान्या-पक्कडींचा डबा. बाकी सगळं बाहेर आहे, आणि कुठे ते आजीलाही माहीत नसायचं. तिचा नियमच होता की वस्तू तिच्याकडे परत आणायची नाही. आपलं माणूस बरं झालं किंवा गेलं, की पुढच्या गरजूच्या घरी आपणच न्यायची आणि कशी वापरायची ते शिकवून यायचं. ज्याने वस्तू वापरली त्यालाच तिच्या खोड्या माहीत, असं ती म्हणायची. खोलीत यायचं ते फक्त मोडलेलं. दोन वर्षं दुरुस्ती मीच करतेय.

तरी तू मोठी आहेस, म्हणून शोधायला निघते. आधी खुर्ची. ती शेवटची बेकरीवाल्याच्या आईकडे होती.

राग आला तरी लोभ तेवढा राहू दे.
तुझी,
घुमी

८ तारीख, शुक्रवार

चि. घुमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तोंडातून शब्द नाही आणि कागदावर एवढी जीभ! आजीवर गेलीस.

आता ऐक. लोक आईचं कौतुक करतात तेव्हा मी नुसती मान हलवते. माझ्या दहावीच्या पहिल्या पेपरला सगळ्यांच्या आया फाटकाशी उभ्या होत्या. माझी आई कुणाच्या तरी सासऱ्यांना वॉकर धरून चालायला शिकवत होती. तिने आमचं केलं नाही असं नाही. ताप आला की उशाशी असायची, माझ्या वेण्या तीच घालायची. पण अर्धी वेणी झाली की दार वाजायचं. मला लहानपणी माणसांचा नाही, त्या दाराचा राग यायचा.

तुझी शाळाही त्याच दाराने खाल्ली. ते मी चालू देणार नाही. महिनाअखेरीला येतेय. वस्तू गोळा करून ठेव, सबबी नकोत. दादाला सांग, गुडघ्याला तेल लावत जा म्हणावं.

रागावलेय, पण तुझ्यावरच, परक्यावर नाही.
तुझी,
आत्या

१५ तारीख, शुक्रवार

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी शाळेचं. ती आजीने नाही सोडवली. वर्गात उभं राहून वाचायला सांगितलं की माझा गळा मिटायचा, पोरं हसायची. एक दिवस मी गेलेच नाही. आजीने चार दिवस मला फैलावर घेतलं. पाचव्या दिवशी हातात पाना दिला. तिच्या माथी मारू नकोस.

आता खुर्चीचं. बेकरीवाल्याची आई आता चालते. मी दारात उभी राहिले, खुर्ची परत न्यायचीय हे काही तोंडातून निघेना. तिला वाटलं मी दुरुस्तीला आले, तिने शिलाई मशीनच पुढे केलं. ते तेल घालून चालू करून दिलं, तेव्हा कळलं की खुर्ची गवंड्याकडे गेलीय, तो बांधकामावरून पडला होता. गवंड्याकडे नळ गळत होता. तो नीट केल्यावर त्याने मला टेलरबाईंकडे पाठवलं. टेलरबाईंच्या पायाचं प्लास्टर निघालंय. त्यांच्याकडे पंखा. तिथून मी रिटायर पोस्टमनकाकांकडे गेले. खुर्ची तिथे आहे. आयुष्यभर पायी फिरलेला माणूस आता खुर्चीत बसून गल्लीच्या तोंडाशी नव्या पोस्टमनला अडवतो आणि कुणाचं काय आलं ते विचारतो.

त्यांची सून मला खुर्ची कशी चालवायची ते शिकवायला लागली. मलाच! म्हणाली, डावा ब्रेक टाचेने दाब, त्याला हाताने लाडावू नकोस, हट्टी आहे मेला. आत्या, हेच बेकरीवाल्याची आई म्हणाली होती. गवंडी म्हणाला होता. टेलरबाई म्हणाल्या होत्या. शब्द तेच, आजीचे, मेला तोच. आणि या सुनेने आजीला कधी बघितलंसुद्धा नाही, ती महिन्यापूर्वीच लग्न होऊन आलीय.

तेव्हा माझा गळा उघडला. मी म्हणाले, खुर्ची राहू द्या, आणि ब्रेक खुरखुरला तर मला बोलवा. पोस्टमनकाका म्हणाले, अरे, ही बोलते!

तर मी काही गोळा करणार नाही. पाटीवर नुसतं नाव असतं, ब्रेक कसा दाबायचा ते नसतं. खोलीची किल्ली माझ्या गळ्यात आहे, बाबांनी मागितली, दिली नाही. तुझं टेबल आण, त्यावर पाने ठेवीन आणि पुस्तकंही ठेवीन. बाहेरून दहावीचा फॉर्म तूच भर, बसेन. पण दार वाजलं की उठणार.

तुझ्या वेणीचं वाचून वाईट वाटलं. तेही खरंच आहे.

लोभ ठेव, किल्ली मी ठेवते.
घुमी

२१ तारीख, गुरुवार

चि. घुमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

दादाचा फोन आला होता. म्हणाला, पोरगी किल्ली देत नाही आणि मला आईची वाटायची तशी तिची भीती वाटायला लागलीय. मी हसले, मग रडले.

तुला एक सांगते. माझं पोर झालं तेव्हा आई अकरा दिवस माझ्याकडे राहिली. येताना तिने शेकायला गरम पाण्याची रबरी पिशवी आणली होती. जाताना सांगून गेली, कंबर बरी झाली की पुढच्या घरी दे. मी दिली नाही. अठरा वर्षं कपाटात आहे. त्या अकरा दिवसांत एकदाही दार वाजलं नव्हतं. तेवढे दिवस ती फक्त माझी आई होती.

आता लाज वाटते. पार्सलने पाठवते, खोलीत ठेव.

तुझी,
आत्या

२५ तारीख, सोमवार

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पार्सल करू नकोस. परत आणायचं नसतं, तुलाही सूट नाही.

आणि ती पिशवी कुणाला द्यायचीही नाही. अठरा वर्षांत रबर कुजलं असणार, गरम पाणी भरलंस तर फुटेल आणि कुणीतरी भाजेल. ती तुझीच, कपाटात राहू दे. नवी घे, आणि तुझ्या शेजारी ज्याची कंबर धरली असेल त्याचं दार तू वाजव. बूच लावायच्या आधी आतली हवा काढायची, ते शिकवून ये.

ते आजीने तुला कुठल्या शब्दांत सांगितलं होतं, तेवढं मला लिही, शिवीसकट. ते वाक्य माझ्याकडे नाही.

लोभ आहे, उत्तराची वाट बघतेय.
तुझी,
घुमी