आधी माणूस, मग नंबर

बाबा, आई तुमच्या फोटोशी रोज बोलते. मला ते कधी जमलं नाही, आणि तुम्ही गेल्यापासून इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असंही वाटलं नाही. पण मागच्या महिन्यात माझ्या हातून तीच चूक झाली जी एकदा तुम्ही आपल्या अंगावर घेतली होती, आणि आज मी ती निस्तरायला सिहोऱ्याकडच्या एका गावात जाऊन आले. तिथं काय झालं ते फार न सांगता ज्याला कळलं असतं असा माणूस तुम्हीच होतात, म्हणून लिहिते आहे. सावकाश लिहिते. जे झालं ते घाईनंच झालं.

माझी पहिली-दुसरी तुम्ही घरीच करून घेतलीत. शाळेच्या फाटकाशी पोचले की मला उलटी व्हायची. शहापूरच्या शेजारणी आईला सांगत, पोरीले नजर लागली, मीठ-मिरची उतरव. तुम्ही म्हणालात, "नजर नाई लागली. तिले गर्दीचं भेव वाटते. दोन वर्सं मले द्या, मंग पाहू." सकाळी आरोग्य केंद्रात जाण्याआधी आपण स्वयंपाकघरात बसायचो. आई भात चढवते आहे, तुम्ही दाढी अर्धी करून टॉवेल खांद्यावर टाकून बसला आहात, समोर काचेच्या दोन नळ्या. दोन्हीत पाणी. मागे कागद, त्यावर जाड काळ्या शाईत 'क'. "दिसते का?" दिसतो. मग एका नळीत तुम्ही दूध टाकता. "आता?" आता नाही दिसत. "मंग क पळाला का?" नाही, तिथंच आहे. "हे ध्यानात ठेव माय. न दिसनं अलग आन नसनं अलग." अशी मी बाराखडी शिकले. लिलावात घेतलेला तुमचा तो जुना सूक्ष्मदर्शक खिडकीत असायचा. त्याखाली एकदा आईचं दही ठेवून तुम्ही ओरडलात, "अवो, पाह्य तं! भंडाऱ्यात नाई एवढी वस्ती तुया दह्यात हाय!" त्या दिवशी आईनं तुम्हाला दही वाढलं नाही. संध्याकाळी तुम्ही पेटी उघडायचात आणि दोन स्वर एकदम वाजवून मला डोळे मिटायला लावायचात. एक स्वर किंचित उतरला असेल तर आवाज झोके घेतो, तो झोका किती वेळात येतो ते मोजायचं, झोका थांबला की स्वर जुळला. विज्ञान कुठं संपतं आणि गाणं कुठं सुरू होतं हे मला त्या घरात कधी कळलं नाही. तुम्हालाही माहीत नसावं.

सिकलसेलची शिबिरं सुरू झाली तेव्हा तुम्ही पेटी स्कूटरवर बांधून न्यायला लागलात. पुढे पायांशी तपासणीचा डबा, मागे पेटी, आणि सुटीच्या दिवशी मधे मी. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, आजार आईबापांकडून लेकरात येतो, हे सांगायला गेलं की लोक उठून जात. पेटी वाजली की बसत. तुम्हीच रचलेलं गाणं होतं, "पत्रिका पायली, गुन पायले, रगत पायाचं राहून गेलं गा, राहून गेलं." एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमी डाक्टर हा का भजनी हा?" तुम्ही म्हणालात, "बुवा, तुमी बोट द्या. दुखलं तं डाक्टर, नाई दुखलं तं भजनी." त्यानं बोट दिलं. तुम्ही दोन्ही नव्हतात, साधे प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ होतात, पण ते सांगत बसायला तुम्हाला कधी वेळ नव्हता.

मी अकरा वर्षांची झाले तेव्हा तुम्ही मला काचेवर लिहायची लाल पेन्सिल दिलीत. तेवढं मोठं बक्षीस मला त्याआधी मिळालं नव्हतं. पुढच्याच शिबिरात नळ्यांवर नंबर घालायचं काम मी मागून घेतलं. तलावाच्या पाळीलगतचं गाव, शाळेचा वर्ग, बाहेर बायकांची रांग. मी हुशारी केली. यादीवरून सगळ्या नळ्यांवर आधीच नंबर लिहून ठेवले, म्हणजे तुमचा हात थांबणार नाही. यादीत एका घरच्या दोन जावा लागोपाठ होत्या, धाकटीचं नाव आधी आणि थोरलीचं नंतर. पण थोरलीच्या आधी धाकटी कशी बसेल? धाकटी मागे सरली, थोरली पुढे आली. रक्त त्याच क्रमानं गेलं, नंबर मात्र यादीच्या क्रमानं होते. बाबा, मी ते पाहिलं होतं. तुम्ही गाणं म्हणत होतात, अख्खा वर्ग टाळ्या वाजवत होता, आणि एवढ्या लोकांत तुम्हाला थांबवायचं माझ्यानं झालं नाही. मी मनात म्हटलं, नंतर सांगीन. नंतर सांगितलं नाही.

एक नळी गढूळ झाली, मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनात, म्हणजे त्या रक्तात सिकलसेल. थोरलीला सांगितलं गेलं की तू वाहक असशील, तुला त्रास नाही पण लेकरात जाऊ शकतं, पक्क्या तपासणीला ये. ती आली तीन आठवड्यांनी. तोवर तिच्या सासूनं तिचं ताट वेगळं केलं होतं, लेकरांना तिच्या हातचं खाऊ देत नव्हती. हा आजार उष्ट्यानं होत नाही हे तुम्ही पेटीवर शंभरदा गायला होतात, तरी. पक्क्या तपासणीत तिचं रक्त साफ निघालं. तुम्ही वही उघडली, तिच्या आधीचा, धाकटीचा नंबर पाहिला, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "चाल, जाऊन येऊ." त्या अंगणात निम्मं गाव जमलं होतं. तुम्ही सासूला हात जोडलेत, "आजी, माह्या हातून नंबर चुकला. तुमच्या सुनेले काई नाई. ताट वेगळं करायचंच असंन तं माहं करा, मी जेवूनच जातो." लोक हसले. सासू हसली नाही, पण पाट मांडला, आणि तुम्ही खरंच जेवलात, थोरलीच्याच हातचं. मग तुम्ही धाकटीला बाजूला घेऊन बसलात आणि हळू आवाजात तिला बरंच काही समजावलंत. मी ओसरीच्या खांबाला टेकून उभी होते. परतताना स्कूटरवर तुम्ही एवढंच बोललात, "नंबर नळीले नसते, मानसाले असते. आधी मानूस बसू दे, मंग लिव." मला वाटतं, रागावणं तुम्हाला तेवढंच येत होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी तुम्ही गेलात. मी तुमचंच शिक्षण घेतलं, तुमचंच काम धरलं, आणि इतके दिवस माणूस बसल्याशिवाय एका नळीवर आकडा घातला नाही. सोबतचे चिडवतात, "मॅडम आपलं नावसुदा दोनदा तपासून लिवते." गॅस बंद केला का हे बघायला मी जिन्यावरून परत जाते, हे आई सगळ्यांना सांगते. आणि तरी मागच्या महिन्यात कॉलेजच्या शिबिरात, मुलींची बस सुटायची होती म्हणून, मी नळ्यांवर आधीच नंबर घातले. एकदाच. तिथं दोन मैत्रिणी होत्या. एकीला सुईची भीती, ती म्हणाली तू आधी बस. झालं. जिला वाहक म्हणून कळवलं ती पक्क्या तपासणीला आली आणि साफ निघाली. मी वही उघडली. तुमचं तोंड त्या वेळी कसं झालं होतं ते मला आठवलं, आणि माझं तसंच झालं असणार.

दुसरी मुलगी साफ म्हणून गेली होती. तिची आई आमच्याकडे येऊन अहवालाची नक्कल मागून घेऊन गेली होती, मोठ्या अभिमानानं. पोरीचं लग्न ठरलं आहे, मुलगा वाहक आहे, त्यांनी लपवलं नाही, पण आमची पोरगी साफ आहे म्हणून आम्ही होकार दिला, असं ती म्हणाली होती. लोकांनी जसं वागावं म्हणून तुम्ही गावोगाव गात फिरलात तसंच ते वागले होते, आणि माझ्या कागदावर विश्वासून फसले होते. लग्नाला आठ दिवस. मी आमच्या केंद्राच्या साहेबांना सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "आता मांडव टाकून रायले ते. लगन होऊन जाऊ दे, मंग दोघायले बोलावून समजावू. तुमी लेखी काई करू नका." मी टेबलावर परत आले, वहीत त्या दोन नंबरांवर लाल शाईनं लिहिलं की नमुने अदलाबदल झाले, चूक माझी, फेरतपासणी करायची आहे, आणि खाली सही केली. मग ते पान साहेबांपुढे ठेवलं. मागे फिरायला जागा राहू नये म्हणून आधी लिहिलं. मला मी माहीत आहे. साहेबांनी पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "जा मंग. पन केंद्राची गाडी नाई मिळनार."

म्हणून आज एसटीनं गेले. येते आहे एवढंच फोनवर कळवलं होतं. अंगणात बायका लग्नाचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, कारण बसले असते तर चहा आला असता आणि चहा घेतल्यावर बोलता आलं नसतं. मुलीची आजी सूप खाली ठेवून म्हणाली, "म्हनजे तुमच्या कागदावर आमी अक्षता टाकाले निंगालो का वो बाई?" मी हो म्हटलं. मुलीचे काका उठून उभे राहिले. "आन आता सांगून रायल्या? मांडवाचे खांब गाडल्यावर? चूप रायल्या असत्या तं कोनाले समजलं असतं?" तेवढ्यात मुलगीच घरातून बाहेर आली, ओले हात ओढणीला पुसत. म्हणाली, "काकाजी, माह्या लेकराले समजलं असतं." आणि माझ्यासमोर बसून बोट पुढे केलं. ती बसली, मी तिचं नाव विचारलं, तिनं सांगितलं, मग नळीवर लिहिलं. द्रावण मी ताजं नेलं होतं. त्यात रक्ताचा थेंब सोडून नळी रेघांच्या कागदापुढे धरली. पाच मिनिटं कुणी तांदळाला हात लावला नाही. कागदावरच्या काळ्या रेघा हळूहळू दिसेनाशा झाल्या.

"मी बिमार हाओ का, मॅडम?" नाही, म्हटलं, तू बहुतेक वाहक आहेस, पक्का अहवाल तीन दिवसांत मी स्वतः आणून देते. वाहकाला काही होत नाही, पण दोघंही वाहक असले तर लेकराचं बघावं लागतं. सुपातल्या तांदळाच्या मी जमिनीवर चार मुठी मांडल्या. एक लेकराच्या आजाराची, दोन वाहकाच्या, एक साफ. आजी म्हणाली, "म्हनजे पयलं बिमार झालं तं बाकीचे तीन सुटले." नाही आजी, दर लेकराच्या वेळी चारही मुठी नव्यानं मांडायच्या. तिनं बोटानं त्या मुठी पुन्हा मोजल्या आणि म्हणाली, "देव मोठा जुगारी हाय." मुलीची आई तोंडाला पदर लावून रडत होती. तुम्ही असता तर आजीच्या त्या वाक्यावर काहीतरी बोलून त्या माउलीला क्षणभर हसवलं असतंत. मी फक्त तिच्याजवळ बसून राहिले. मुलीनं तिथंच, सगळ्यांसमोर, मुलाला फोन लावला. आवाज बाहेर ऐकू येईल असा ठेवला. सगळं सांगितलं, माझी चूक न वाढवता आणि न झाकता. मग तो म्हणाला, "तीन दिवस थांबू. अहवाल आला का मी बाबाले घेऊन येतो, बसून बोलू. लगन करायचं का, करून लेकराच्या वेळी तपासनी करायची, का नाई करायचं, आपन दोघं ठरवू." आणि मग, "तू जेवली का?" ती म्हणाली, "नाई अजून." त्यावर मात्र तिचा आवाज फुटला.

काका मला फाटकापर्यंत सोडायला आले नाहीत. तो त्यांचा हक्क आहे. पुढे काय ठरेल मला माहीत नाही, आणि ते मी ठरवायचं नाही. माझ्याकडचं होतं ते मी त्यांच्या हातात दिलं. तीन दिवसांनी अहवाल घेऊन पुन्हा जाईन, गाडी मिळो न मिळो, आणि ते जे बोलतील ते ऐकून घेईन. साहेबांना एक गोष्ट मी सांगणार आहे, की यापुढे आमच्या शिबिरात नळ्या कोऱ्या राहतील, कुणाची बस सुटो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा शेवटचं खरं सांगते. त्यांच्या घरी पोचायला मला तासभर उशीर झाला. मी सांगितलं की कंडक्टर घंटी मारायला विसरला आणि बस पुढच्या गावाला गेली. तो विसरला नव्हता. त्यानं गावाचं नाव दोनदा पुकारलं, माझ्याकडे बघून पुकारलं. मी तपासणीचा डबा मांडीवर घट्ट धरून बसून राहिले. पुढच्या थांब्यावर उतरले आणि बांधाबांधानं चालत मागे आले.