चेसिसवरची खूण

२४ नोव्हेंबर, सोमवार

आन् तरी केरबादादा म्हणतोच, मेंढरं टाकून पळाला म्हणून. पळाला काय? तुझ्या पाया पडून, तिकीट काढून, सगळ्या गल्लीदेखत एसटीत बसलो. माझी पाचवी झाली, तुझी तर तीही नाय, पण बोलायला मात्र वकील. म्हणे लोखंडाच्या मागं हिंडशील, त्याला ना हाक कळती ना शीळ. नसू दे! बापाच्या मागं तुझ्याबरोबर कंधारचं सगळं रान तुडवलं, मला नाय तुडवायचं आता. माळेगावच्या जत्रेला माघारी आलो नाय तर घर विसर म्हणाला. बघू.

इथं झकास हाय. चिकलठाण्याला जालना रोडवर काकासाहेबांचं जुन्या गाड्यांचं दुकान, मागं पत्र्याची शेड, शेडच्या कडंला माझी खोली. खिडकीतून विमान उतरताना दिसतं, चाकंसुद्धा. काकासाहेबांची जमीन शेंद्र्याला कारखान्यात गेली, तवापासून गाड्या घेतात आन् विकतात. लई दिलदार. मला बघून म्हणाले, धनगराचं पोरगं ना तू, रामहरी? मग माझी एक बी गाडी वाट चुकायची नाय.

हापिसात सायलीताई कागदपत्रं बघतात. ही डायरी त्यांनीच दिली. मागच्या सालची हाय, तारखा खोडून लिहितो. म्हणाल्या, शिकशील ते लिहीत जा, नायतर पाचवीही विसरशील.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

माझं काम छाप काढायचं. गाडीच्या पत्र्यावर चेसिस नंबर ठोकलेला असतो. त्याच्यावर पातळ कागद धरायचा, पेन्सिल आडवी करून हलक्या हातानं घासायची. काळ्यात पांढरा नंबर वर येतो. तो कागद फॉर्मवर चिकटवतात. डोळ्याला फसवता येतं, छापाला नाय, असं काकासाहेब म्हणतात.

सायलीताईंनी नंबर वाचायला शिकवला. सतरा अक्षरं. पहिलं अक्षर देशाचं. आपल्या इथल्या गाडीचं एम. दहावं सालाचं. शेवटचे सहा आकडे त्या गाडीचे एकटीचे. मी म्हणालो, म्हणजे हे मेंढराच्या कानासारखंच झालं. आमच्यात उजव्या कानाला शेजारी शेजारी दोन काप असले की ते आमच्या घरचं. जत्रेत हजार मेंढरं मिसळू द्या, मी आमची काढून दाखवतो. ताई हसल्या. मग तुझा कान बघू, म्हणाल्या.

१ डिसेंबर, सोमवार

आज ती आली. पिवळी, दोन दारांची, कमरेएवढीच उंच. काकासाहेब तर चप्पल काढून आत बसले. पंचवीस वर्षांमागं मुंबईच्या कुणी शेटनं बाहेरच्या देशातून आणलेली. असल्या चार-पाच बी नसतील आपल्याकडं. पुण्याच्या दलालानं आणली. नंबर खरा निघाला तर घेतो, नायतर चहा पिऊन जा, असं काकासाहेबांनी त्याला तोंडावर सांगितलं.

मी छाप काढला. सायलीताईंनी वाचला. पहिलं झेड, म्हणजे इटली. दहावं एक्स, म्हणजे नव्व्याण्णव साल. सगळं बरोबर. व्यवहार झाला, पेढे आले.

दलालाला मी सहज विचारलं, हिला आधी कोण सांभाळत होतं? म्हणाला, एक ड्रायव्हर होता, सोडून गेला. कुठं, ते त्याला ठाऊक नाय. बूट गाडीतच राहिलेत, तुला बसतील बघ, असं म्हणून हसला.

दुपारी शेडमधी मी एकटाच होतो. आमच्यात नवं जनावर कळपात आलं की दिवस मावळायच्या आत कानाला खूण करतात. हात शिवशिवला. तीनधारी कानस घेतली आन् नंबराच्या खाली बारीक दोन काप दिले. आमच्या घरचे. गंमत म्हणून. तिथला रंग खरवडला तर खाली आधीच कुणीकुणी काय काय कोरलेलं. एक चांद, एक फुली, एक त्रिशूळ. माझ्यासारखेच येडे, म्हटलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

गिऱ्हाईकाला दाखवायला काकासाहेबांनी पिवळीचा नवा छाप मागितला. काढला. माझे दोन काप छापात खाली नाय आले. नंबराच्या ओळीत आले, अगदी शेवटी. कागद हलला असंल. परत काढला. तसंच.

पत्र्यावर बोट फिरवलं तर काप खालीच हायेत.

सायलीताई म्हणाल्या, रामहरी, नंबर सतराच अक्षरांचा असतो, तू एकोणीस कुठून आणलीस? कॉम्प्युटर घेईना. मी खूण केल्याचं बोललो नाय. नोकरी जाईल.

८ डिसेंबर, सोमवार

दादाचा फोन. जत्रेचंच. मी हळूच गाडीची गोष्ट काढली. थांब म्हणाला. मग आईला विचारून सांगितलं. आई म्हणती, दुसऱ्या धन्याची खूण असलेल्या जनावरावर आपली घालू नये. दोन धनी झालेलं जनावर शेवटी धन्यालाच हाकत नेतं. मग दादा म्हणाला, पण ते लोखंड हाय ना, तुला काय भ्या? टोमणाच मारला. पण आवाज टोमण्याचा नव्हता.

कानस घेऊन गेलो, काप घासून टाकावेत म्हणून. कानस फिरवली, पत्र्याला ओरखडा नाय. माझा उजवा कान मात्र भाजल्यासारखा झाला.

११ डिसेंबर, गुरुवार

सकाळी उशीला रक्त. आरशात बघितलं. उजव्या कानाला दोन काप. शेजारी शेजारी. सुरीनं घेतल्यासारखे, स्वच्छ.

पत्रा लागला, असं सायलीताईंना सांगितलं. त्या बघतच राहिल्या. त्यांना माझं पहिल्या आठवड्यातलं बोलणं आठवलं असंल.

छाप काढला. काढायला नको होता. काप आता नंबराच्या मधोमध आलेत आन् अक्षरं बदललीत. पहिलं एम. दहावं चार. चार म्हणजे दोन हजार चार, ताईंनीच शिकवलेलं.

माझ्या आधार कार्डावर तेच साल हाय.

शेवटचे सहा आकडे मी ताईंना विचारले नाहीत. ते मला पाठ हायेत. आमच्या गावाचा पिनकोड.

१४ डिसेंबर, रविवार

दादा म्हणतो तू येत नाहीस तर मीच येतो न्यायला. येऊ नको म्हणालो. शिव्या दिल्या त्यानं. देऊ दे.

मला जाता येत नाय. बसस्टँडवर गेलो होतो, नांदेडच्या गाडीत बसलो बी. खिडकीतून बघतो तर मागं पिवळी उभी. आत कुणी नाय. मी उतरलो. आली असती माझ्या मागं गावापर्यंत. तिथं आई, दादा, त्याची लेकरं. पत्ता तर तिच्या अंगावरच लिहिलाय.

शेडमधी आलो तर ती जागेवर. चाकं धुळीनं भरलेली.

१६ डिसेंबर, मंगळवार

गिऱ्हाईक आलं. काकासाहेब पाचोडला गाडी बघायला गेलेले. गिऱ्हाईकाचे पांढरे कपडे, तोंड नीट आठवत नाय. पिवळीकडं बघितलं बी नाय त्यानं. माझे दात बघितले. पाठीवर थाप मारली. कान धरून उन्हाकडं वळवला.

मग खिशातून रुमाल काढून माझ्या हातावर टाकला आन् खालून बोटं धरली. जत्रेत जनावराचा भाव असाच करतात, रुमालाखाली, कुणाला दिसू नये म्हणून. लहानपणापासून बापाजवळ बसून बघितलंय. त्यानं चार बोटं दाबली, मग पाच. माझ्या हातानं आपोआप दाबून होकार दिला. मला वाटलं गाडीचं —

गाडी माझी कुठं हाय विकायला?

१७ डिसेंबर

पिवळीच्या सीटवर तो रुमाल. खाली नोटा. माळेगावात चांगल्या एडक्याला येतो तेवढाच भाव.

काकासाहेब म्हणतात, कुणी गिऱ्हाईक आलंच नव्हतं. म्हणतात, रामहरी, तू दोन दिवस जेवला नाहीस, गवत कशाला खातोस?

आरशात बघत नाय आता.

१८ डिसेंबर

जत्रा सुरू झाली असंल. इथं हलगी ऐकू येती —

पिवळीचं दार उघडं हाय. बूट बाहेर काढून ठेवलेत कुणीतरी. माझेच.

सायलीताईंच्या हातात पैसे दिलेत, दादाला पाठवा म्हणालो. त्या रडत होत्या. मला बोलता नाय आलं नीट, आवाज —

दादा, येऊ नको. पिवळी गाडी दारात आली तर लेकरांना हात लावू देऊ नको. ह्या पैशातून जनावर घेतलंस तर त्याला खूण घालू नको. माझा भाव झालाय, चांगला झालाय, आईला सांग. शीळ ऐकू येती. आपलीच शीळ, दादा, तुझ्यासारखीच — जावं लागतंय —

सगळे पाठवतोय. पंचेचाळीस हजार —